मित्रमंडळींसोबत अंदमान : बुकिंगच्या आधी एवढं वाचा

ग्रुपने अंदमानला जायचं म्हणून आमच्याकडे येणारी मंडळी आधी स्कूबाचं विचारतात, मग हॅवलॉक बेटावर किती रात्री ते विचारतात, आणि जेलचा विषय निघाला की "ते शेवटच्या दिवशी फ्लाइटच्या आधी उरकून टाकू" म्हणतात. आम्ही तसं करत नाही. सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी, दुपारभर, निवांत. पूर्वी आम्हीही शेवटी ठेवायचो, आणि एकदा नाशिकच्या रिटायर मित्रांचा ग्रुप बॅगा गाडीत ठेवून पाऊण तासात जेल बघून एअरपोर्टला पळाला, त्यातल्या एकांना गुडघ्यामुळे सावकाश जिने चढावे लागायचे, ते सावरकरांच्या कोठडीपर्यंत पोचलेच नाहीत. इतक्या लांब येऊन. ते आम्हाला फार लागलं, तेव्हापासून प्लॅनच बदलला.

जेल १८९६ ते १९०६ मध्ये बांधलं, सात विंग होत्या, आता तीन उरल्यात. एका विंगचं तोंड दुसऱ्या विंगच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहराच दिसू नये. १९११ ला तात्याराव सावरकर इथे आले तेव्हा त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून इथेच होते, पण कितीतरी दिवस दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. कोठडीच्या दाराशी थांबून कडी बघाच. ती दारावर नाही, बाजूच्या भिंतीत खोबण करून बसवलीय, गजातून हात कितीही लांबवला तरी पोचत नाही. कोलू म्हणजे तेलाचा घाणा, तोही बघा, कैद्याने दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साधारण साडेतेरा किलो. बारींद्र घोष, बटुकेश्वर दत्त हे क्रांतिकारकही इथेच होते, नावांच्या पाट्या घाईत वाचू नका. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची तिकिटं लवकर संपतात, ती आम्ही आधीच काढतो.

दुसऱ्या दिवशी रॉस बेट. इंग्रजांचं चर्च, बेकरी, साहेबाचा बंगला, सगळं झाडांच्या मुळांनी गिळलंय आणि मधून हरणं फिरतात. आठवड्यातून एक दिवस बेट बंद असतं, तारखा आम्ही ते बघूनच लावतो.

नावांचा गोंधळ करू नका. २०१८ पासून रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि २०२४ ला पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर जुनं-नवं कुठलंही नाव दिसेल, जागा तीच.

आता मजेचं. घड्याळ आपलंच पण सूर्य लवकर मावळतो, थंडीत पाच-सव्वापाचलाच, त्यामुळे हॅवलॉकच्या राधानगर बीचला जेवून लगेच निघायचं, चहा घेऊन निघू म्हणालात तर सूर्यास्त गेला. स्कूबा आम्ही मुद्दाम मधल्या दिवशी ठेवतो कारण डाइव्हनंतर २४ तास विमानात बसायचं नाही. दमा, बीपी, हार्टचं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा, मित्रांसमोर लाज वाटली तर आम्हाला वेगळा फोन करा. आदल्या रात्री दारू नको म्हणजे नकोच. शंख-शिंपले, कोरल उचलून आणू नका, एअरपोर्टवर बॅगेतून काढून घेतात आणि कारवाईही होऊ शकते.

हॅवलॉक-नीलला नेटवर्क कधी असतं कधी नसतं, म्हणून थोडी कॅश जवळ ठेवा आणि ओरिजिनल आयडी प्रत्येकाने आपापलं सांभाळा, सगळ्यांचं एकाच्या पाउचमध्ये नको. फेरीबोटीत चढताना प्रत्येकाचं बघतात.