फ्लॅश प्लेअर : जुन्या आवृत्त्या

ॲनिमेशन, आवाज, व्हिडिओ आणि क्लिक करून सोडवायचे धडे ब्राउझरमध्ये चालवणारे प्लगइन. १९९६ च्या फ्यूचरस्प्लॅश या ॲनिमेशन प्रोग्राममधून ते मॅक्रोमीडिया कंपनीकडे आले आणि २००५ च्या अखेरीस ॲडोबीकडे गेले. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने त्याचा आधार थांबवला, त्यामुळे आता सगळ्याच आवृत्त्या जुन्या. कोल्हापुरात त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा शाळेच्या संगणकावर, कपाटातल्या शैक्षणिक सीडीत, नाहीतर उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्याच्या जुन्या प्रेझेंटेशनमध्ये.

फरक पाडणाऱ्या आवृत्त्या थोड्याच. ६ मध्ये (२००२) व्हिडिओ आला. ८ मध्ये (२००५) व्हीपी६ व्हिडिओ आला आणि संगणकावरच्या फाइलींवर कडक सुरक्षा लागली. ९ मध्ये (२००६) ॲक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) आणि त्यासाठी वेगळे इंजिन आले, एच.२६४ व्हिडिओ ९.०.११५ पासून. ११ पासून (२०११) ६४-बिट ब्राउझरमध्येही प्लेअर चालू लागला. नवा प्लेअर जुनी फाइल चालवतोच, म्हणून ‘सीडी जुनी, तर प्लेअरही जुना’ हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो.

फ्लॅशची फाइल (एसडब्ल्यूएफ) कोणत्या आवृत्तीची हे हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दिसते. पहिली तीन अक्षरे एफडब्ल्यूएस असली तर फाइल न दाबलेली, सीडब्ल्यूएस असली तर झिपसारखी दाबलेली (हे ६ पासून). चौथा बाइट म्हणजे आवृत्ती. मात्र १० नंतर हा आकडा प्लेअरच्या आकड्याशी जुळत नाही: प्लेअर ११ च्या फाइलीत १३ असतो.

सीडीवरचा धडा उघडतो पण पुढचे पान येत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण आवृत्ती ८ ची सुरक्षा. ७ किंवा त्याआधीच्या फाइलीला प्लेअर निदान इशाऱ्याची चौकट दाखवतो. ८ आणि पुढच्या फाइली काही न सांगता गप्प बसतात. उपाय असा: सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करावी, फोल्डरचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवावे आणि त्या फोल्डरचा पत्ता एका मजकूर फाइलीत लिहून ती शेवटी .सीएफजी (.cfg) असलेल्या नावाने ‘फ्लॅशप्लेअरट्रस्ट’ (FlashPlayerTrust) फोल्डरमध्ये ठेवावी. ६४-बिट विंडोजवर तो फोल्डर सिसवॉव६४ मधल्या मॅक्रोमेड, फ्लॅश या मार्गावर येतो. नसेल तर तयार करावा. कॉपी करतानाच सीडी अडली, तर दोष प्लेअरला देऊ नये. इथल्या पावसाळ्यात सीडीवर बुरशी धरते.

जुनी आवृत्ती टाकायचीच झाली तर आधी ॲडोबीच्या अनइन्स्टॉलरने असलेली काढावी, नाहीतर इन्स्टॉलर ‘ही आवृत्ती ताजी नाही’ म्हणून थांबतो. प्लगइनचे प्रकार तीन: ॲक्टिव्हएक्स इंटरनेट एक्सप्लोररसाठी, एनपीएपीआय फायरफॉक्ससाठी आणि पीपीएपीआय क्रोमवर्गीय ब्राउझरसाठी. चुकीचा प्रकार टाकला तर काहीच होत नाही. फायरफॉक्स ८४ ही आधार देणारी शेवटची आवृत्ती, क्रोमने ८८ मध्ये आधार काढला. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्टचे केबी४५७७५८६ हे अपडेट आले असेल तर अंगभूत फ्लॅश गेलेले असते, आणि ते अपडेट मागे घेता येत नाही.

प्लगइनच्या शेवटच्या आवृत्त्यांत कालबंदी आहे: १२ जानेवारी २०२१ नंतर चित्राऐवजी फक्त माहितीचे चिन्ह दिसते. ३२.०.०.३७१ मध्ये ती नाही, म्हणून तिला मागणी. पण सुरक्षेची भोके आता कोणी बुजवत नाही. असा प्लगइन इंटरनेटला जोडलेल्या, त्यातही कार्यालयीन हिशेबाच्या संगणकावर ठेवणे शहाणपणाचे नाही. शिवाय बहुतेकांना त्याची गरजही नसते. ब्राउझरविना चालणाऱ्या स्वतंत्र प्लेअरला, म्हणजे प्रोजेक्टरला, कालबंदी नाही. एसडब्ल्यूएफ फाइल त्यात थेट उघडते. सीडीवर .ईएक्सई फाइल असेल तर बहुधा प्लेअर तिच्या पोटातच असतो. ब्राउझरमध्येच हवे असेल तर रफल हे एम्युलेटर (फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरावे. ॲक्शनस्क्रिप्ट १ व २ च्या फाइली त्यात चांगल्या चालतात, ३ च्या काही अडतात.

मराठी मजकुराचे दुखणे वेगळे. जुन्या प्लेअरच्या मजकूरचौकटीत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या विस्कटत. जोडाक्षरे सांभाळणारे मजकूर इंजिन १० मध्ये (२००८) आले. त्याआधी डिझाइनर मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहीत आणि कंट्रोल-बी दाबून अक्षरांचे आकार करून टाकत. अशी फाइल कुठेही नीट दिसते, पण तिच्यातला मजकूर निवडता, शोधता किंवा कॉपी करता येत नाही. चौकटीतला मजकूर ‘´Ö¸üÖšüß’ असा दिसला तर तो ज्या फॉन्टमध्ये लिहिला तो फॉन्ट संगणकावर नाही असे समजावे. फॉन्ट टाकल्यावर मजकूर जागेवर येतो.