द थीफ अँड द कॉबलर

रिचर्ड विल्यम्स (१९३३–२०१९) या कॅनडात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये स्टुडिओ थाटलेल्या ॲनिमेटरचा अपूर्ण राहिलेला अद्भुतरम्य ॲनिमेशनपट. काम १९६४च्या सुमारास सुरू झाले आणि १९९२मध्ये विल्यम्सच्या हातून गेले. रेखाटनाच्या कसबात त्याच्या तोडीचे हाती काढलेले चित्रपट थोडेच निघतील. कथा मात्र आजीने झोपता झोपता सांगावी एवढीच.

मूळ कल्पना मुल्ला नसरुद्दीनवरच्या चित्रपटाची होती. इद्रिस शाह यांच्या नसरुद्दीनकथांच्या पुस्तकांसाठी विल्यम्सने चित्रे काढली होती, त्यातून ती निघाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शाह कुटुंबाशी बिनसले. मुल्ला गेला, पण त्या चित्रपटातला चोर विल्यम्सने सोबत ठेवला आणि त्याच्याभोवती नवी गोष्ट बेतली.

ती अशी : सोन्याच्या नगरीच्या मिनारावर तीन सुवर्णगोल आहेत. ते आहेत तोवर नगरी सुरक्षित. एक चोर ते लांबवतो, कपटी वजीर झिगझॅग ते मिळवून एकाक्षांच्या सैन्याला सामील होतो आणि टॅक नावाचा गरीब मोची नगरी वाचवतो, राजकन्याही मिळवतो. टॅक म्हणजे चपलेला ठोकायचा बारीक खिळा. शत्रूचे अवाढव्य युद्धयंत्र कोसळते तेही अशाच एका खिळ्यापायी. सगळे कथानक एवढेच. चोर आणि मोची दोघेही जवळजवळ मुके, बोलतो तो वजीर, तोही यमकांत. त्याला आवाज व्हिन्सेंट प्राइस यांचा.

पाहण्यासारखे आहे ते चित्रांत. पर्शियन लघुचित्रांतली सपाट जागा विल्यम्सने उचलली : खोली नाही, सावल्या नाहीत, सारे नक्षीत. मग त्याच सपाट महालातल्या काळ्यापांढऱ्या फरशीवरून मोची चोरामागे धावतो आणि वर कुठे, खाली कुठे याचा डोळ्याला पत्ता लागत नाही. सेकंदाला २४ चौकटी असतात. हाती काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींना वापरून भागवतात. विल्यम्सने बहुतेक ठिकाणी प्रत्येक चौकटीला वेगळे चित्र काढले. वजीर पत्ते पिसतो ते दृश्य संगणकावर केले असावे असे आज वाटते, पण ते हाताचेच आहे. शेवटी युद्धयंत्र एकेक भाग निखळत कोसळत असताना चोर त्यातून निर्विकारपणे चालत राहतो. केन हॅरिस, आर्ट बॅबिट, ग्रिम नॅटविक असे जुने अमेरिकन ॲनिमेटर या कामासाठी लंडनला आले होते.

पैसा जाहिरातींतून यायचा, म्हणून काम तुकड्यातुकड्यांनी चालले. विल्यम्सने ॲनिमेशन दिग्दर्शित केलेला ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) गाजल्यावर वॉर्नर ब्रदर्सने हात पुढे केला. पण विल्यम्सला पूर्ण स्टोरीबोर्डचे, म्हणजे सगळी दृश्ये आधीच क्रमाने रेखाटून ठेवण्याचे, वावडे होते. झालेले दृश्य पुन्हा काढायची खोडही होती. मुदत टळली आणि मे १९९२मध्ये, सुमारे १५ मिनिटांचे काम उरले असताना, चित्रपट पुरा होण्याची हमी देणाऱ्या कंपनीने तो ताब्यात घेतला. दोष फक्त पैसेवाल्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण २८ वर्षे ज्याची कथाच नक्की होत नव्हती, त्या चित्रपटाला मुदत पाळायला लावणार तरी कसे?

पुढे या कंपनीने नेमलेल्या फ्रेड कॅल्व्हर्ट या निर्मात्याने गाणी घातली, मोच्याला वाचा दिली आणि १९९३मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द कॉबलर’ प्रदर्शित केला. १९९५मध्ये मिरामॅक्सने ‘अरेबियन नाइट’ नावाने आणखी छाटून चोरालाही बोलके केले, तेही अखंड. कथेची पोकळी भरायला केलेल्या या बडबडीने ती उलट उघडी पडली. मुक्या चोराकडे पाहताना ती कुणाला जाणवत नव्हती. तोवर डिस्नेचा ‘अलादिन’ (१९९२) येऊन गेल्याने हाच नकली वाटू लागला.

गॅरेट गिलख्रिस्ट या चाहत्याने उपलब्ध तुकडे जोडून २००६पासून ‘रीकॉबल्ड कट’च्या आवृत्त्या काढल्या. विल्यम्स या विषयावर बोलायचे टाळत. मात्र डिसेंबर २०१३मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मे १९९२ची कच्ची प्रत ‘अ मोमेंट इन टाइम’ या उपशीर्षकाने दाखवली गेली, तेव्हा ते हजर होते. तिच्यात रंगीत दृश्यांच्या मध्येच पेन्सिलीची कच्ची चित्रे येतात.