कौटुंबिक नोंदींतील लॅटिन संक्षेप

यूरोपातील चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदवह्यांत लॅटिन शब्द आखूड करून लिहिले जात. वंशेतिहासाच्या अभ्यासात हे संक्षेप उलगडणे ही पहिली पायरी असते. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंदवही ठेवणे पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने नोंदींचे नमुने घालून दिले. त्यामुळे कॅथलिक प्रदेशांतील नोंदी बव्हंशी ठरावीक साच्याच्या असतात, आणि साचा ठाऊक असल्यामुळेच लिहिणारा शब्द निम्म्यावर तोडू शकत असे.

कधी शब्दाचा शेवट गाळला जाई, तर कधी मधली अक्षरे. अक्षरावरील आडवी रेघ बहुधा गाळलेला ‘म’ किंवा ‘न’ दर्शवते. शब्दाच्या शेवटी असलेली, इंग्रजी नऊच्या आकड्यासारखी आकृती ‘उस’ असा प्रत्यय सुचवते, तर तीच आकृती आरंभी आली की ‘कोन’ वाचावी लागते.

तारखांत हमखास चूक होते ती ‘७ब्रिस’ या रूपाची. हा जुलै नव्हे, सप्टेंबर होय. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई आणि ‘सेप्टेम’ म्हणजे सात. ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर यांसाठीही याच रीतीने आठ, नऊ व दहा हे आकडे योजले जात.

एकटा संक्षेप मात्र कधीच पुरेसा नसतो. ‘फिल.’ म्हणजे ‘फिलिउस’ (मुलगा) की ‘फिलिआ’ (मुलगी), हे बहुधा बाळाच्या नावावरून ठरते. ‘सेप.’ हे दफनाच्या नोंदीत ‘पुरला’ या अर्थीही येते आणि सप्टेंबर या अर्थीही. ‘एन. एन.’ ही कोणाच्या नावाची आद्याक्षरे नसून नाव माहीत नसल्याची खूण असते. वडिलांचे नाव षष्ठीत येत असल्याने ‘याकोबी’ असे वाचल्यावर मूळ नाव ‘याकोबुस’ धरावे लागते. आणि त्या नावाआधी ‘क्वोन्दाम’ याचा संक्षेप ‘क्यू.’ असेल, तर तो आपल्याकडील ‘कै.’सारखा मानून वडील नोंदीच्या तारखेपूर्वीच वारले होते, असा मोलाचा निष्कर्ष काढता येतो.

आद्रियानो काप्पेल्ली यांचा १८९९ मधील संक्षेपकोश चिन्हांसाठी आजही उपयोगी पडतो, परंतु खेड्यातील धर्मगुरूच्या खास सवयी कोणत्याही कोशात सापडत नाहीत. त्यासाठी त्याच हस्ताक्षरातील मागची पाने चाळून तोच शब्द कोठे पूर्ण लिहिला आहे, हे शोधणे अधिक खात्रीचे ठरते. गोव्यातील जुन्या चर्च नोंदी मुख्यतः पोर्तुगीज भाषेत असल्याने तेथे लॅटिन संक्षेपांच्या याद्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. नक्कल उतरवताना वाचकाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे मूळ मजकूर आणि अनुमान वेगळे राहतात.