‘हॅव’ला ‘आयएनजी’ चालत नाही? कोण म्हणतं!

इंग्रजी शिकताना एक यादी पाठ करून घेतली जाते: हॅव, थिंक, सी, लव्ह, नो (know, म्हणजे माहीत असणं), वाँट. या क्रियापदांना ‘आयएनजी’ लावायचं नाही म्हणजे नाही. नियम अर्धाच खरा आहे, आणि गोंधळ होतो तो उरलेल्या अर्ध्यामुळे.

‘आय अ‍ॅम हॅविंग अ कार’ चूकच, कारण गाडी मालकीची असणं ही स्थिती आहे. पण ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ शंभर टक्के बरोबर, कारण इथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं, आणि जेवणं ही कृती आहे. बंदी शब्दावर नाही, अर्थावर आहे. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत झालं. ‘आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे डोक्यात विचार चालू आहे. सर्वांत मजेशीर जोडी ‘बी’ची, म्हणजे ‘अ‍ॅम-इज-आर’च्या मूळ क्रियापदाची. ‘ही इज रूड’ म्हणजे माणूस मुळातच उद्धट. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे एरवी बरा असेल, आत्ता उद्धटपणा करतोय. एका ‘बीइंग’ने स्वभावाचं वागणं झालं!

‘लव्ह’चं म्हणाल तर ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’ बोलण्यात सर्रास चालतं. मॅकडोनाल्ड्सने २००३ पासून तेच घोषवाक्य केलंय. औपचारिक लेखनात मात्र ‘आय लव्ह इट’च बरं.

‘नो’ मात्र हट्टी. आपण ‘मला आठवतंय’, ‘मला कळतंय’ म्हणतो, त्याच ओघात ‘आय अ‍ॅम नोइंग’ तोंडातून निसटतं. तिथे ‘आय नो’च म्हणायचं.