उपनगर म्हणजे मुंबईचं झोपायचं घर?

‘उपनगरात फक्त झोपायचं, कमवायला टाऊनलाच जायचं’ हे वाक्य अजूनही बिनदिक्कत फेकलं जातं. (टाऊन म्हणजे दक्षिण मुंबई.) गिरण्या चालू होत्या आणि सगळी ऑफिसं फोर्टात होती तेव्हा त्यात तथ्य होतं. आता नाही.

आधी माणसं मोजू. १९९० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला: अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तीन तालुके. २०११च्या जनगणनेत इथे ९३ लाख ५७ हजार लोक होते, तर मुंबई शहर जिल्ह्यात जेमतेम ३१ लाख. म्हणजे चारांतले तीन मुंबईकर उपनगरातलेच! शिवाय २००१ ते २०११ या दशकात शहराची वस्ती घटली, उपनगराची वाढली. (डोंबिवली-ठाणे यात धरू नका. तो जिल्हाच वेगळा.)

आता पोटापाण्याचं. अंधेरीत सीप्झ ही निर्यात उद्योगांची वसाहत १९७३पासून आहे. विमानतळ, गोरेगावची चित्रनगरी, वांद्रे-कुर्ला संकुलातला राष्ट्रीय शेअर बाजार आणि हिरे बाजार, सगळं उपनगरातच. आणि गंमत बघा, मिठी नदीच्या एका काठाला हे चकचकीत संकुल उपनगर जिल्ह्यात, पलीकडची धारावी मात्र शहर जिल्ह्यात. ‘शहर श्रीमंत, उपनगर सामान्य’ हा हिशेब तिथेच फसतो.

२०१४मध्ये सुरू झालेली पहिली मेट्रो वर्सोवा ते घाटकोपर धावते. सकाळी तिच्यात मुंगी शिरायला जागा नसते, आणि ती टाऊनकडे फिरकतसुद्धा नाही.