६४ जीबीचा पेन ड्राइव्ह गाडीत चालत नाही? चालतो की!

सोलापुरात नव्या पेठेत पेन ड्राइव्ह मागा, हमखास ऐकाल: "गाडीसाठी ३२ जीबीच घ्या, त्याच्या वरचा टेप वाचत नाही." मीही कैक वर्षं तेच धरून बसलो होतो. अडतं ते साइजवर नाही, फॉरमॅटवर, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीवर. बऱ्याच जुन्या स्टिरिओंना फॅट३२ हा जुना फॉरमॅटच कळतो आणि मोठे ड्राइव्ह सहसा एक्सफॅट या नव्या फॉरमॅटमध्ये येतात. त्यात विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट पर्याय ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नसे; गैरसमज बहुधा तिथूनच. फॅट३२ स्वतः २ टीबीपर्यंत (साधारण दोन हजार जीबी) जातं!

माझा ६४ जीबीचा ड्राइव्ह स्क्रीनवर नुसतं "नो फाइल" दाखवायचा. वेगळ्या सॉफ्टवेअरने फॅट३२ केला (गाणी आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवा, सगळं पुसलं जातं) आणि तुळजापूरपर्यंत वाजत गेला. दोनच गाणी गाळली. ती फ्लॅक या वेगळ्या ऑडिओ प्रकारात होती, एमपी३ केल्यावर तीही लागली.