आकडे पिसा, पण काळ विस्कटू नका

१९२६ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी एक विचित्र जोडी मांडली: इंग्लंड-वेल्समधला मृत्युदर आणि एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या लग्नांचा वाटा. १८६६ ते १९११ या काळातला दोन्हींचा सहसंबंध (सोबत हलण्याचं माप, कमाल १) निघाला ०.९५! दोन्ही आकडे वर्षानुवर्षं संथपणे घसरत होते, एवढंच त्यामागचं गुपित.

आर्थिक मालिकांचं, म्हणजे काळाच्या क्रमाने नोंदलेल्या आकड्यांचं, दुखणं हेच. महागाई असो, बेरोजगारी असो की विनिमय दर, आजचा आकडा कालच्याचं बोट धरून येतो. नेहमीची संख्याशास्त्रीय चाचणी मात्र प्रत्येक आकडा सुटा समजते. लगतच्या आकड्यांतला सहसंबंध ०.६ असेल आणि तो पुढे त्याच पटीत विरत जात असेल, तर सरासरी काढताना १०० आकड्यांचं मोल जेमतेम २५ सुट्या आकड्यांइतकं भरतं. चाचणीचा तोरा मात्र शंभरांचा!

१९७९ मध्ये ब्रॅडली एफ्रॉन यांनी ‘बूटस्ट्रॅप’ पद्धत आणली. हातातलेच आकडे पिशवीत घालायचे, एक उचलून नोंदवायचा, परत टाकायचा. असे नवे नमुने शेकड्यांनी घडवायचे आणि आपलं उत्तर किती हलतं ते पाहायचं. सूत्राऐवजी संगणकाची हमाली. पण पिशवीत घालताच क्रम जातो, आणि इथे तर अर्धी माहिती क्रमातच असते.

हान्स क्युन्श यांनी १९८९ मध्ये तोडगा सुचवला: सुटे आकडे नकोत, सलग तुकडे उचला. तुकड्याच्या आत काळ शाबूत राहतो, फक्त सांधे तुटतात. तुकडा छोटा घेतला तर मालिकेची स्मृती तुटते, मोठा घेतला तर उचलायला तुकडेच मोजके उरतात. विचरण, म्हणजे उत्तर किती हलतं त्याचं माप, काढायचं असेल तर तुकड्याची लांबी आकड्यांच्या संख्येच्या घनमुळाप्रमाणे वाढवावी, असं सिद्धांत सांगतो. म्हणजे मालिका आठपट लांब झाली तरी तुकडा दुप्पटच.

खरी फसगत माझ्या मते पुढे होते. चाचणीसाठी मालिका घडवताना, तपासायचं गृहीतक खरं आहे असं धरूनच त्या घडवाव्या लागतात. डिकी-फुलर चाचणी घ्या. मालिका ‘भटकी’ आहे का, म्हणजे धक्का बसल्यावर जुन्या पातळीकडे परततच नाही का, हे ती पाहते. मोठ्या नमुन्यात, समीकरणात स्थिरांक धरल्यास, तिची ५ टक्क्यांची सीमा (जिच्याखाली भटक्या मालिकेचा निकाल फक्त ५ टक्के वेळा जातो) नेहमीच्या −१.६५ वर नसून −२.८६ वर असते. आता मूळ मालिकेचेच तुकडे जोडले, तर प्रत्येक सांध्यावर उडी बसते आणि भटकेपणाच मोडतो. म्हणून तुकडे घ्यायचे ते एका नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंतच्या बदलांचे, आणि त्यांची बेरीज करत मालिका उभी करायची. अशा बहुधा ९९९ मालिका करतात. खरी धरून १००० होतात, आणि खऱ्या मालिकेचा निकाल तळच्या ५० मध्ये बसतो का, एवढंच मग मोजायचं उरतं; बसला, तर भटकेपणाचं गृहीतक सोडायचं.